राजाच्या स्त्रिया आणि शेजाऱ्याची बायको

बहूरीम गावाकडे जाणारा रस्ता. शौल राजाची मुलगी मीखल पुढे चालली आहे, सोबत शौलाचा सेनापती अबनेर. मागून तिचा नवरा पालतीएल रडत रडत येतो आहे. मीखल आधी दावीदची बायको होती. दावीद जीव वाचवून पळाला तेव्हा बापाने तिला पालतीएलच्या घरी दिलं. आता शौल रणात पडला आहे, दावीद हेब्रोनात राजा झाला आहे, आणि उत्तरेकडच्या गोटाशी बोलणी सुरू करताना त्याने पहिली अट घातली आहे की माझी बायको आधी परत आणा. बहूरीमला पोचल्यावर अबनेर मागे वळतो आणि पालतीएलला परत फिरायला सांगतो. तो मुकाट्याने फिरतो.

दुसऱ्या शमुवेलाच्या तिसऱ्या अध्यायातला हा प्रसंग जेमतेम दोन-तीन ओळींचा आहे. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दावीदच्या हेब्रोनातल्या सहा बायकांची यादी येते, प्रत्येकीच्या मुलासकट. म्हणजे मीखल परत येते ती सहा जणींच्या घरात. तिला काय हवं होतं, हे तिला कुणी विचारत नाही. तिच्या या दोन नवऱ्यांपैकी खरा कोण, यावर लेखकही बोलत नाही.

इस्राएलच्या राजांच्या अनेक बायका आणि त्यांची बाहेरची प्रकरणं हा विषय निघाला की वाचकांचे दोन तट पडतात. एकाला पवित्र ग्रंथात असं काही असल्याचा धक्का बसतो. दुसरा म्हणतो, देवाच्या लाडक्या राजांनी केलं म्हणजे ते चालत होतं. ग्रंथ उघडून ओळीने वाचला तर दोघांचीही पंचाईत होते. बायबलच्या हिशोबात बहुपत्नीत्व आणि व्यभिचार ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्यात राजाला बरीच मुभा आहे, दुसऱ्यात काडीची नाही. पण दोन्ही खात्यांत नावं जमा होतात ती स्त्रियांची, आणि किंमतही बहुतेक वेळा त्याच मोजतात.

कायदा काय म्हणतो

आज आपण व्यभिचार म्हणतो तेव्हा विवाहित पुरुषाचा बाहेरचा संबंधही त्यात धरतो. मोशेच्या नियमशास्त्रात तसं नाही. तिथे गुन्हा ठरतो तो स्त्रीच्या स्थितीवरून. ती दुसऱ्याची बायको असेल किंवा दुसऱ्याशी तिची मागणी झालेली असेल, तर तिच्याशी संबंध ठेवणं हा व्यभिचार. त्याची शिक्षा लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत दोघांनाही मृत्यूची आहे. पुरुषाला घरी एक बायको आहे की चार, याने त्या व्याख्येत फरक पडत नाही. दहा आज्ञांमध्ये व्यभिचाराची मनाई आणि शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरण्याची मनाई या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. दुसरीत शेजाऱ्याची बायको त्याचं घर, दास, बैल आणि गाढव यांच्या रांगेत येते. ती रांग पुरेशी बोलकी आहे.

अनेक बायका करण्याला मात्र हे कायदे आडवे येत नाहीत, ते त्याला वेसण घालतात. निर्गमात म्हटलं आहे की दुसरी आणली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि वैवाहिक हक्क कमी करू नयेत. लेवीयात बायको जिवंत असताना तिची सख्खी बहीण सवत म्हणून आणायला बंदी आहे. अनुवादात एक आवडती आणि एक नावडती अशा दोन बायकांचा नवरा येतो. पहिला मुलगा नावडतीचा असला तरी वारशाचा दुप्पट वाटा त्यालाच द्यायचा, असं त्याला बजावलं आहे. राजाराणीच्या आपल्या गोष्टींतली आवडती-नावडती इथे थेट कायद्याच्या कलमात आली आहे. असं कलम लागतं याचा अर्थ अशी घरं होती आणि त्यांत भांडणं होती.

हिब्रू भाषेने तर हे भांडण शब्दातच साठवून ठेवलं आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाची सुरुवात एल्कानाच्या घरात होते. त्याच्या दोन बायकांपैकी हन्नाला मूल नाही, पनिन्नाला मुलं आहेत, आणि पनिन्ना हन्नाला डिवचत राहते. तिथे पनिन्नासाठी आलेला शब्द आहे ‘त्सारा’. त्याचा अर्थ सवत, आणि हाच उच्चार असलेल्या शब्दाचा दुसरा अर्थ संकट. सवत म्हणजे काय हे मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको. लक्षात घेण्यासारखं हे की राजांच्या कथा जिथे सुरू होतात, त्या ग्रंथाच्या दारातच लेखकाने दोन सवती उभ्या केल्या आहेत.

राजासाठी अनुवादाच्या सतराव्या अध्यायात वेगळं कलम आहे. त्याने फार घोडे बाळगू नयेत, घोड्यांसाठी लोकांना मिसरात पाठवू नये, फार बायका करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. बायकांबद्दल कारणही दिलं आहे की त्याचं मन बहकेल. ‘फार’ म्हणजे किती, ते सांगितलेलं नाही. पुढची हजार वर्षं त्या एका शब्दावर वाद झाले. हे कलम शलमोनाकडे बोट दाखवूनच लिहिलं असावं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे, कारण मिसरी घोडे, परदेशी राण्या आणि सोन्याचे ढीग या तिन्ही गोष्टी शलमोनाच्या वर्णनात ओळीने सापडतात.

राजे येण्याआधी

बायबलमध्ये दोन बायका करणारा पहिला पुरुष लामेख. आदा आणि सिल्ला या त्याच्या बायका, आणि त्यांच्यापुढे तो एका खुनाची बढाई मारतो. याकोबाच्या घरात दोन सख्ख्या बहिणी आणि त्यांच्या दोन दासी अशा चौघी होत्या. त्यांच्यापासून बारा वंश झाले, आणि त्याच घरातल्या हेव्यादाव्यातून योसेफ गुलाम म्हणून विकला गेला.

राजेशाहीची चाहूल लागते ती गिदोनाच्या काळात. लोक त्याला राज्य कर म्हणतात, तो नाही म्हणतो, पण राहणी राजाचीच ठेवतो. पुष्कळ बायका, सत्तर मुलगे, शिवाय शखेम गावात एक उपपत्नी. त्या उपपत्नीच्या मुलाचं नाव अबीमलेख, म्हणजे ‘माझा बाप राजा’. बाप गेल्यावर याच मुलाने मामाकडच्या लोकांना हाताशी धरलं आणि भावांना एकाच धोंड्यावर मारलं. धाकटा योथाम तेवढा लपून वाचला. अनेक बायकांच्या घरात गादीचा प्रश्न कसा सुटतो, याचा पहिला नमुना शास्ते या पुस्तकाने असा देऊन ठेवला आहे. पुढच्या राजांच्या कथा याच वळणाने जातात.

दावीदच्या सोयरिकी

शौलाच्या घरात अहीनवाम ही बायको आणि रिस्पा ही उपपत्नी, एवढ्याच दोघींची नावं येतात. दावीदच्या बायका मात्र नावागावानिशी मोजता येतात. मीखल, इज्रेलची अहीनवाम, अबीगईल, माका, हग्गीथ, अबीटाल, एग्ला आणि बथशेबा, अशा आठ. यरुशलेमात आल्यावर आणखी बायका आणि उपपत्नी केल्याचं ग्रंथ सांगतो, त्यांची नावं देत नाही.

या यादीतलं जवळजवळ प्रत्येक लग्न नकाशावर दाखवता येतं. मीखल म्हणजे राजाचा जावई होण्याचा मान. तिच्यासाठी शौलाने शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा मागितल्या होत्या, डाव असा की पोरगा त्यातच मरावा. दावीदने दोनशे आणून टाकल्या. अबीगईल ही नाबालाची विधवा. नाबाल तीन हजार मेंढरं आणि हजार शेरडं बाळगणारा, कालेबाच्या कुळातला, हेब्रोनच्या मुलुखातला बडा माणूस. पुढे दावीदला पहिलं राज्य मिळालं ते हेब्रोनातच. माका ही गशूरच्या तलमय राजाची मुलगी. गशूर गालील समुद्राच्या पूर्वेला, म्हणजे शौलाच्या वारसांच्या पाठीमागे बसलेला सोयरा.

मीखलबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. तिचं दावीदवर प्रेम बसलं, असं लेखक स्पष्ट सांगतो. इस्राएलच्या कथांमध्ये पुरुषाचं स्त्रीवर प्रेम बसल्याचे उल्लेख अनेक आहेत, स्त्रीचं पुरुषावर बसल्याचा हा एकच. दावीदचं तिच्यावर होतं का, हे लेखक सांगत नाही. शेवटी सांगतो ते एवढंच की तिला मरेपर्यंत मूल झालं नाही.

बथशेबाचं सोडलं तर या लग्नांबद्दल दावीदला ग्रंथात कुठेही दोष दिलेला नाही. उलट नाथान संदेष्टा त्याला खडसावतो तेव्हा देवाच्या उपकारांच्या यादीत शौलाच्या स्त्रियाही मोजतो. त्या तुझ्या मिठीत दिल्या, आणि कमी वाटलं असतं तर आणखी दिलं असतं, असं त्याचं म्हणणं. हे वाक्य पचवणं आजच्या वाचकाला जड जातं. पण ते बाजूला सारून पुढची कथा नीट कळत नाही, कारण दावीदचा गुन्हा कोणता आणि कोणता नाही, याची रेघ तिथे ओढलेली आहे.

उरीयाची बायको

वसंत ऋतू. राजे मोहिमेवर निघतात तो काळ. दावीदचा सेनापती यवाब सैन्य घेऊन अम्मोन्यांच्या राब्बा शहराला वेढा घालून बसला आहे, म्हणजे आज जिथे अम्मान आहे तिथे. दावीद मात्र यरुशलेमात. संध्याकाळी पलंगावरून उठतो, गच्चीवर येरझाऱ्या घालतो, खाली एक बाई अंघोळ करताना दिसते. चौकशी करतो. उत्तर मिळतं की ती अलीयामाची मुलगी आणि उरीया हित्तीची बायको. म्हणजे गफलत व्हायला जागाच नाही, तिचा बाप कोण आणि नवरा कोण हे राजाला आधीच कळलं आहे. अलीयाम आणि उरीया ही दोन्ही नावं दावीदच्या निवडक शूरांच्या यादीत आहेत, उरीयाचं तर अगदी शेवटी. त्या यादीतला अलीयाम हा अहीथोफेलाचा मुलगा. तोच हा अलीयाम असेल, तर बथशेबा ठरते राजाच्या मुख्य सल्लागाराची नात.

मग क्रियापदं भराभर येतात. पाहिलं, पाठवलं, घेतलं. हिब्रूत लग्न करण्यालाही ‘घेणं’च म्हणतात. इस्राएलने राजा मागितला तेव्हा शमुवेलाने लोकांना ताकीद दिली होती की तो तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं आणि द्राक्षमळे घेईल. त्या ताकिदीत वारंवार आलेलं क्रियापद इथे एका घरावर येऊन पडतं. बथशेबाला काय वाटलं, ती राजी होती की राजाच्या माणसांपुढे नाही म्हणायची सोयच नव्हती, यावर शतकानुशतकं लिहिलं गेलं. त्या प्रकरणात तिच्या तोंडी एकच निरोप आहे, मूळ हिब्रूत दोन शब्दांचा, की ती गरोदर आहे. रेम्ब्रांटने 1654 साली तिचं चित्र काढलं तेव्हा तिच्या हातात एक पत्र दिलं. ग्रंथात तिला पत्र येत नाही. ग्रंथातलं पत्र दुसऱ्याच्या हातात आहे.

दावीद उरीयाला रणातून बोलावून घेतो, घरी जाऊन पाय धुवायला सांगतो, मागोमाग खाण्याची भेट पाठवतो. उरीया राजवाड्याच्या दारात चाकरांसोबत झोपतो. कराराचा कोश आणि सैन्य तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ कसा आणि बायकोजवळ झोपू कसा, असं तो विचारतो. दुसऱ्या रात्री राजा त्याला दारू पाजतो. झिंगलेला उरीयासुद्धा घरी जात नाही. मग राजा यवाबाला पत्र लिहितो की याला लढाईच्या तोंडी पुढे ठेवून मागे सरा, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती देतो. तो ते नेऊन पोचवतो.

उरीया पडल्याची बातमी येते. दावीद यवाबाला धीर देणारा निरोप धाडतो. त्या निरोपात, ही गोष्ट तुझ्या डोळ्यांना वाईट दिसू नये, अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे. अध्याय संपताना लेखक तोच वाक्प्रचार उचलतो आणि ही गोष्ट परमेश्वराच्या डोळ्यांना वाईट दिसल्याचं सांगतो. भाषांतरात ही दोन वाक्यं बहुधा वेगवेगळी होतात आणि टोला हरवतो.

नाथान येऊन गोष्ट सांगतो. श्रीमंताकडे कळप आहेत, गरिबाकडे एकच कोकरी, आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने गरिबाची कोकरी कापली. दावीद संतापून म्हणतो की तो माणूस मरणाच्या लायकीचा आहे, त्याने चौपट भरून द्यावं. तो माणूस तूच, हे ऐकल्यावर तो गुन्हा कबूल करतो. गोष्टीत कोकरीवर कसलाही आरोप नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. बथशेबाने राजाला मोहात पाडलं असं सांगणाऱ्या पुढच्या टीकाकारांना नाथानचा आधार मिळत नाही. पण गोष्टीची मर्यादाही तिथेच दिसते. नुकसान झालं ते उरीयाचं, आणि त्याची बायको त्या हिशोबात कोकरीच राहते. नियमशास्त्राने सांगितलेली मृत्यूची शिक्षा दावीदला होत नाही. मरतं ते नुकतं जन्मलेलं मूल, सातव्या दिवशी.

गच्चीवरचा तंबू

चौपट भरपाई दावीदला खरोखरच करावी लागली, असं यहुदी परंपरा सांगते. बाळ गेलं, मुलगी तामार हिची विटंबना झाली, अम्नोन आणि अबशालोम हे मुलगे मारले गेले. काही वाचक या चौघांत तामारेऐवजी अदोनीया या आणखी एका मुलाला धरतात. चौघे कोणतेही धरले तरी घर कोणत्या फटीतून फुटलं ते दिसतं. अम्नोन आणि तामार यांचा बाप एक, आया वेगळ्या. अम्नोन तामारेवर बळजबरी करतो. दावीद रागावतो आणि काहीच करत नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प राहतो, मेंढरांची लोकर कातरण्याच्या मेजवानीला अम्नोनाला बोलावतो, मारवतो, आणि पळून जातो तो आजोळी, गशूरला, तीन वर्षांसाठी. राजकारणासाठी जोडलेली सोयरीक बापाच्या विरोधात गेलेल्या मुलाचा आसरा बनते.

पुढे अबशालोम बंड करून यरुशलेमात शिरतो. दावीद पळताना दहा उपपत्नी वाडा सांभाळायला मागे ठेवून गेला आहे. अहीथोफेल सल्ला देतो की बापाच्या या स्त्रियांजवळ जा, म्हणजे आता माघार नाही हे सगळ्यांना कळेल. गच्चीवर तंबू ठोकला जातो, आणि सगळ्या इस्राएलच्या डोळ्यांदेखत अबशालोम त्यांच्याजवळ जातो. दावीदला बथशेबा दिसली होती तीही वाड्याच्या गच्चीवरूनच. लपून केलेल्या गोष्टीचं फळ उघड्यावर मिळेल, असं नाथानाने सांगितलं होतंच.

राजाच्या स्त्रीवर हक्क सांगणं म्हणजे गादीवर हक्क सांगणं, हा हिशोब या ग्रंथांत तीनदा येतो. शौलाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा ईश-बोशेथ अबनेराला विचारतो की माझ्या बापाच्या रिस्पाजवळ तू का गेलास, आणि त्या एका प्रश्नावरून अबनेर फितून दावीदकडे जातो. दुसरा अबशालोम. तिसरा अदोनीया. दावीद म्हातारा झाल्यावर त्याला ऊब देण्यासाठी शुनेमकरीण अबीशग आणली होती. बथशेबाचा मुलगा शलमोन गादीवर बसल्यावर अदोनीया बथशेबाच्या मध्यस्थीने तिला मागतो. शलमोन आईला म्हणतो की त्याच्यासाठी राज्यही मागून टाक, आणि त्याच दिवशी बनायाच्या हातून अदोनीयाचा जीव घेतो. अबीशगचं पुढे काय झालं, ग्रंथ सांगत नाही.

हजार स्त्रिया आणि त्यांचे देव

शलमोनाला सातशे राजघराण्यातल्या बायका आणि तीनशे उपपत्नी होत्या, असं राजांच्या पहिल्या पुस्तकाचा अकरावा अध्याय सांगतो. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीवर हे वाटलं तर वर्षाला पंचवीस, महिन्याला दोन पडतात. गीतरत्नात एका जागी साठ राण्या आणि ऐंशी उपपत्नींचा उल्लेख आहे. हजाराचा आकडा गोळाबेरीज आहे, दरबाराचा थाट दाखवणारा आहे, हे उघड आहे. एवढ्या परिवारातून ग्रंथात अपत्यांची नावं येतात तीन. मुलगा रहबाम, आणि ताफाथ व बासमथ या दोन मुली, त्याही शलमोनाच्या कारभाऱ्यांच्या बायका म्हणून.

शलमोनावर ठपका आहे, पण तो व्यभिचाराचा नाही, संख्येचाही थेट नाही. परदेशी बायकांनी म्हातारपणी त्याचं मन आपल्या देवांकडे वळवलं आणि यरुशलेमासमोरच्या डोंगरावर त्याने कमोश आणि मोलख यांची उच्च स्थानं बांधली, हा ठपका आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे ती स्थानं सुमारे तीनशे वर्षांनी योशीया राजाने भ्रष्ट करून टाकली. राज्य दुभंगलं त्याचं धार्मिक कारण म्हणून ग्रंथ हेच पुढे करतो. वेठबिगार आणि कर यांबद्दलची लोकांची तक्रार त्याच्या शेजारीच नोंदलेली आहे.

इतिहासाच्या बाजूने पाहायचं तर दावीदच्या घराण्याचा उल्लेख असलेला इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख तेल दान इथे 1993 साली सापडला. शलमोनाच्या राणीवशाचा असा पुरावा जमिनीतून निघालेला नाही. फारोची मुलगी त्याची राणी होती आणि गेजेर शहर तिला आंदण मिळालं, या नोंदीवर अभ्यासक थबकतात. इ.स.पू. चौदाव्या शतकात बाबेलच्या राजाने मिसरी राजकन्या मागितली तेव्हा अशी मुलगी आजवर कुणाला दिली नाही, असं उत्तर मिळाल्याचं अमार्नाच्या पत्रांत आहे. शलमोनाच्या काळात मिसर दुबळा होता, त्यामुळे तेव्हा असं घडणं अशक्य नव्हतं, असं दुसरी बाजू म्हणते.

शलमोनानंतर आकडे उतरतात, रीत तीच राहते. रहबामाला अठरा बायका, साठ उपपत्नी, अठ्ठावीस मुलगे आणि साठ मुली. त्याने मुलगे तटबंदीच्या गावांत विखरून ठेवले आणि त्यांनाही पुष्कळ बायका पाहिल्या. अबीमलेखाच्या धोंड्याची पुनरावृत्ती टाळण्याचा हा शहाणपणा असावा. त्याचा मुलगा अबीया याला चौदा बायका आणि अडतीस मुलं. उत्तरेकडच्या राज्याचा राजा अहाब याचे सत्तर मुलगे शोमरोनात होते, येहूच्या बंडात सगळे मारले गेले. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलने यहोयाखीन राजाला कैद करून नेलं, तेव्हा नेलेल्यांच्या यादीत त्याच्या बायकाही आहेत.

राण्यांच्या या गर्दीत एक पद वजनदार होतं, राजमातेचं. यहूदाच्या बहुतेक राजांच्या नोंदीत आईचं नाव आवर्जून येतं, बायकोचं क्वचित. बायका अनेक असतात, आई एक. बथशेबाने दावीदपुढे वाकून नमस्कार केला, शलमोनाने मात्र उठून तिला नमस्कार केला आणि उजव्या हाताला आसन मांडलं. अहाबाची राणी ईजबेल हिच्या नावाला तर बदफैलीपणाचा अर्थच चिकटला आहे. ग्रंथात तिचा एकही व्यभिचार सांगितलेला नाही. येहूने तिच्यावर ठेवलेला जारकर्माचा आरोप परक्या देवांच्या भक्तीबद्दलचा आहे. होशेय आणि यहेज्केल या संदेष्ट्यांनी मूर्तिपूजेला व्यभिचार म्हणण्याची रीत पक्की केली, आणि त्या भाषेत बेइमान ठरते ती नेहमी स्त्री.

नंतरचे वाचक

पहिली सफाई बायबलच्या आतच झाली. इतिहासाची दोन पुस्तकं शमुवेल आणि राजे यांच्यानंतर लिहिली गेली. त्यांत राब्बाचा वेढा आहे, दावीद यरुशलेमात मागे राहिल्याचंही आहे, पण गच्ची नाही, उरीयाचं पत्र नाही, नाथानची कोकरी नाही. शलमोनाच्या हजार स्त्रियाही नाहीत. रहबामाच्या अठ्ठ्याहत्तर मात्र आहेत. उलट नहेम्याने शलमोनाचंच उदाहरण देऊन लोकांना परदेशी बायकांबद्दल दटावलं.

मृत समुद्राजवळच्या पंथाने कडक भूमिका घेतली. त्यांच्या मंदिराच्या गुंडाळीत राजाला एकच बायको सांगितली आहे, ती मेली तरच दुसरी. मग दावीदचं काय, या प्रश्नाला दमास्कस दस्तऐवजात उत्तर आहे की नियमशास्त्राचा ग्रंथ तेव्हा कोशात मोहोरबंद होता, दावीदने तो वाचलाच नव्हता. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाने ‘फार’ या शब्दाला आकडा दिला, अठरा. हेब्रोनातल्या सहा, आणि नाथानाच्या बोलण्यात आणखी तितक्या व तितक्या म्हणून बारा. तालमुद या त्यावरच्या भाष्यग्रंथात दावीदने पाप केलं म्हणणारा चुकतो असं एक मत आहे. त्याचा आधार असा की युद्धावर जाणारे बायकोला सोडचिठ्ठी लिहून देत, त्यामुळे बथशेबा मोकळी होती. पालतीएलबद्दलही तिथे सांगितलं आहे की त्याने शय्येवर दोघांच्या मध्ये तलवार रोवली होती. राजाच्या घरावर डाग नको म्हणून त्या बिचाऱ्याचा संसारच पुसला गेला.

येशूने व्याख्येलाच हात घातला. बायको टाकून दुसरी करणारा पुरुष पहिलीविरुद्ध व्यभिचार करतो, हे मार्काच्या शुभवर्तमानातलं वचन मोशेच्या व्याख्येपलीकडे जातं, कारण इथे गुन्हा बायकोविरुद्ध ठरतो. तरीही जुन्या राजांचा दाखला देणारे संपले नाहीत. हेसेचा राजपुत्र फिलिप याने 1540 मध्ये पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, ल्यूथर आणि मेलांक्थॉन या प्रॉटेस्टंट सुधारकांच्या गुप्त संमतीने, आणि गुपित फुटल्यावर सगळ्यांची नाचक्की झाली. मॉर्मन पंथात तर दोन्ही टोकं सापडतात. 1830 च्या मॉर्मनच्या पुस्तकात दावीद-शलमोनाच्या अनेक बायका अमंगळ म्हटल्या आहेत, 1843 च्या प्रकटीकरणात उरीयाचं प्रकरण वगळून दावीदला निर्दोष ठरवलं आहे. 1890 मध्ये त्या पंथाने नवी बहुपत्नी लग्नं थांबवत असल्याचं जाहीर केलं. युरोपातल्या बऱ्याच ज्यूंमध्ये इ.स. 1000 च्या आसपास मेंझच्या रब्बी गेर्शोम यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या हुकुमाने दुसरी बायको बंद झाली. आजच्या इस्रायलमध्ये असं लग्न फौजदारी गुन्हा आहे. दावीदला तिथे पाच वर्षांपर्यंत कैद झाली असती.

हिशोब

या राजांनी केलं म्हणून ते चालतं, असं ग्रंथ म्हणत नाही. जिथे अनेक बायका आहेत तिथे हेवा, वारशाची मारामारी आणि भावाभावांत रक्त, हे तो न थकता दाखवतो. पण अनेक बायका करणं हे पाप आहे, असंही राजांना कुणी तोंडावर सांगत नाही. नाथान चिडतो ते दुबळ्याचं बळाने घेतलं म्हणून. राजाला तोंडावर गुन्हेगार म्हणणारी आणि ती गोष्ट राष्ट्राच्या ग्रंथात जपून ठेवणारी परंपरा त्या काळी दुर्मिळ होती, आणि तिचं मोल मानायलाच हवं. मात्र तिच्या न्यायाला एक बाजू दिसलीच नाही. घेतलं कुणाचं, हे ती विचारते. घेतलं कुणाला, हे विचारत नाही.

अबशालोमचं बंड मोडून दावीद वाड्यात परत आला तेव्हा त्याने त्या दहा उपपत्नींना एका घरात पहाऱ्यात ठेवलं. खायला-प्यायला दिलं, त्यांच्याजवळ पुन्हा गेला नाही. नवरा जिवंत असताना त्या विधवेसारख्या कोंडून राहिल्या, मरेपर्यंत. दुसऱ्या शमुवेलाच्या विसाव्या अध्यायात त्यांच्यावर एवढं एकच वचन आहे, आणि त्यात त्यांच्यापैकी कुणाचंही नाव नाही.